ससाणा आणि साडेबारापर्यंतचं मौन

टिपणीस सरांनी तिसऱ्यांदा विमान जमिनीत घातलं, तेव्हा खोलीत कोणीही हसलं नाही.

पडद्यावर धूर चढत होता. सरांनी जॉयस्टिकवरचा हात काढला, रुमालाने तळवा पुसला आणि रुमालाची पुन्हा चौकोनी घडी घातली. विंग कमांडर टिपणीस, निवृत्त, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या उमेदीची नऊ वर्षं याच विमानावर गेली होती. आमच्या खेळात त्या विमानाला आम्ही ‘ससाणा’ म्हणत होतो.

“सर, पाणी आणू?” कौस्तुभने विचारलं.

“पाणी नको. पॅराशूट असेल तर आणा.”

मग सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ससाणा माझा होता.

बावीस वर्षं मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवलं. कौस्तुभ माझाच विद्यार्थी. शिकून बाहेर पडला, आणि गंगापूर रोडला दोन खोल्या घेऊन त्याने ऑनलाइन हवाई लढाईचा खेळ काढला. जगभरातून माणसं एकाच वेळी यायची आणि पडद्यावरच्या आकाशात एकमेकांचा पाठलाग करायची. मी नोकरी सोडल्याचं कळलं तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला होता. “मॅडम, गणित तुमचं, बाकी सगळं आमचं.” हवा पंखावरून कशी वाहते, वजन कसं खेचतं, वळताना वेग किती उतरतो, हे सगळं सूत्रात बसवायचं माझं काम. ससाण्यासाठी मी तीन वर्षं खपले होते. आधार होता टिपणीस सरांच्या वहीचा. प्रत्येक उड्डाणानंतर खोलीवर येऊन त्यांनी आकडे टिपून ठेवले होते, निळ्या शाईत, बारीक अक्षरात.

आणि आता तेच सर माझ्या ससाण्यातून तीनदा पडले होते.

“मॅडम, आता मात्र लगाम घालावाच लागेल,” कौस्तुभ म्हणाला.

लगाम म्हणजे काय, ते सांगते. दांडा फार ओढला, नाक फार उचललं, की पंखावरची हवा सुटते आणि विमान गरगरत खाली येतं. खऱ्या विमानाचं होतं, म्हणून माझ्याही ससाण्याचं होत होतं. नवे खेळाडू त्यातच पडायचे. पहिल्या दिवशी दहा-अकरा वेळा पडायचे, दुसऱ्या दिवशी यायचेच नाहीत. जुने खेळाडू वर त्यांना टोमणे मारायचे, की पतंग उडवा. कौस्तुभचा उपाय सोपा होता. कितीही ओढा, ठरावीक मर्यादेपलीकडे नाक उचलणारच नाही. कोणी पडणार नाही.

“मग जपून वळणारा आणि डोळे मिटून ओढणारा, दोघं सारखेच वळतील,” मी म्हणाले.

“नव्यांनाच लगाम घालू.”

“एका आकाशात दोन नियम? पहिल्याच दिवशी भांडणं होतील.”

“मॅडम, तुम्ही म्हणत होतात, कठीण आहे पण खरं आहे. म्हणूनच सरांना बोलावलं. खरा वैमानिक तीनदा पडला. मग खरं काय राहिलं?”

मी सरांकडे पाहिलं.

“विमान तेच आहे,” सर सावकाश म्हणाले. “वळण तेच, इंजिनाचा सूर तोच. पण मी त्यात बसलेलो नाही, असं वाटतं. का, ते सांगता येत नाही.” मग उठले आणि काठी घेतली. “लगाम घालायचा तर घाला, तुमचा खेळ आहे. फक्त खेळातून माझं नाव काढा. लगामाचं विमान मी उडवलेलं नाही. आणि गोडबोलेबाई, माझी वही उद्या घेऊन जाईन.”

तो शुक्रवार होता. नवी आवृत्ती सोमवारी दुपारी दोनला सगळ्यांकडे जायची होती. कौस्तुभने मला सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली. तेवढ्यात काही सुचलं तर ठीक, नाहीतर लगाम.

“पण सोमवारी मॅडमचं मौन असतं,” तुषार म्हणाला. तुषार आमच्याकडे चित्रं आणि आवाज बघायचा, आणि खेळात त्याच्याइतका तरबेज कोणी नव्हता. “समजावून कोण सांगणार? की देवाकडून परवानगी काढणार?”

“तुषार,” कौस्तुभ दबक्या आवाजात म्हणाला.

“असू दे,” मी म्हणाले. “समजावून सांगावं लागलं, तर ते बरोबर जमलं नाही असंच धरा.”

म्हणाले खरी. घरी जाताना रस्ताभर सोमवारपर्यंतचे तास मोजत होते.

तेव्हा श्रावण चालू होता. चातुर्मासात मी काही ना काही नेम धरतेच. त्या वर्षी लक्षवातींचा धरला होता. चार महिन्यांत एक लाख वाती स्वतःच्या हाताने वळायच्या आणि शेवटी देवापुढे लावायच्या. रोजच्या नऊशे वळल्या तर पाच-सहा दिवस हाताशी राहतात. शिवाय श्रावणी सोमवारी उठल्यापासून दुपारी साडेबारापर्यंत मौन. माझ्या मौनात खुणासुद्धा नाहीत. खुणेने बोलणं हे बोलणंच.

शनिवारी चारच्या सुमारास टिपणीस सर वही न्यायला आले, तेव्हा मी देवघरासमोर पाट टाकून वाती वळत होते. सहाशे झाल्या होत्या.

“उठू नका,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. “तुमचं चालू द्या. मला घाई नाही. घरी जाऊन तरी काय, बातम्याच ऐकायच्या.”

मी वळत राहिले. कापूस चिमटीत धरायचा, ओढत ओढत पीळ द्यायचा, झाली की ताटात. ज्यांच्या वहीवर तीन वर्षं काढली, ते वही परत मागायला आले होते.

“सर, माझं कुठे चुकलं असेल?”

“आकडे बरोबर आहेत तुमचे. रात्रभर तोच विचार करत होतो.” ते थांबले. माझ्या हातांकडे बघत होते. “तुम्ही माझ्याकडे बघून बोलताय आणि हात आपले चाललेत. तुटत नाही कापूस?”

“पहिल्या वर्षी तुटायचा. आता तुटायच्या आधीच सैल सोडते.”

“आधी? आधी कसं कळतं?”

“बोटांना कळतं. कापूस सुटायला आला की चिमटीत बारीक थरथर येते.”

मी पुढची वात घेतली. मग वर पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

“वही द्या माझी,” ते म्हणाले.

मी कपाटातून वही दिली. त्यांनी चष्मा लावला, भराभर पानं उलटली आणि एक्केचाळिसाव्या पानावर बोट ठेवून वही माझ्यापुढे धरली. “वाचा. मोठ्याने.”

निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘वळणात ओढ वाढली की आधी थरथर. थरथर आली की दांडा सैल.’ आणि शेजारी समासात पेन्सिलीने, माझ्या स्वतःच्या अक्षरात: ‘उड्डाणावर परिणाम शून्य. वगळावे.’

मला ते लिहिल्याचं आठवलंही. गणिताच्या दृष्टीने बरोबरच होतं. त्या थरथरीने वेग बदलत नाही, उंची बदलत नाही, वळण बदलत नाही. सूत्रात तिचं काही काम नव्हतं, म्हणून मी ती काढून टाकली होती.

“बाई, शत्रू मागे असताना वेगाच्या काट्याकडे कोण बघतं? मान मागे वळलेली असते. मला कसं कळायचं, माहीत आहे?” सर जरा अडखळले. देवघराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “माफ करा, स्पष्ट बोलतो. बुडाला कळायचं. खुर्चीतून वर यायची ती थरथर. काल मी तिचीच वाट बघत होतो. आली नाही, म्हणून ओढत राहिलो. ओढत राहिलो आणि पडलो.”

“तीनदा.”

“तीनदा. मोजताय वाटतं वातींसारखं.”

मग मात्र मला हसू आलं.

“घरात खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुठून कळणार?” मी म्हणाले. “त्याची खुर्ची तर हलत नाही.”

“तेच तुम्ही शोधा. मला फक्त उडवता येतं.” त्यांनी वही मिटली, क्षणभर हातात धरली आणि पाटावर, वातींच्या ताटाशेजारी ठेवली. “राहू दे सोमवारपर्यंत.”

उरलेल्या तीनशे वाती मी दिवेलागणीच्या आत संपवल्या. एकही तुटली नाही.

रविवारी सकाळी पूजा आटोपून तुषारला फोन केला. तो कुरकुरत ऑफिसात आला. मी काय हवं ते सांगितलं. जी गोष्ट वैमानिकाच्या शरीराला कळते, ती खेळणाऱ्याच्या डोळ्यांना आणि कानांना कळायला हवी. हवा सुटायच्या थोडं आधी, फार आधी नाही. ओढ वाढेल तशी वाढणारी.

“म्हणजे पडदा हलवायचा? मॅडम, लोक म्हणतील तमाशा केला. खऱ्या विमानात पडदा हलतो का?”

“खऱ्या विमानात तू हलतोस. तुला हलवता येत नाही, म्हणून पडदा.”

“आणि सर्व्हर? एवढं सगळं प्रत्येकाकडे पाठवायचं म्हणजे खेळ अडखळेल.”

“माझी थरथर तुला कशाला कळायला हवी? ज्याची त्याच्या संगणकापुरती.”

“हां,” तो म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढली. त्या ‘हां’नंतर दिवसभर त्याने एकही विनोद केला नाही.

आवाजापाशी अडलं. तुषारकडे शेकडो आवाज होते, एकही पटेना. टिपणीस सर फोनवर ऐकत होते आणि प्रत्येकाला नापास करत होते. “हा मिक्सर आहे. हा घोरणारा माणूस आहे. पत्र्याला आतून कोणीतरी मुठीने खडखडवतंय, असा हवा.” शेवटी मी घरून स्टीलचा डबा आणला आणि मायक्रोफोनजवळ हलवला.

“काय आहे आत?” सरांनी विचारलं.

“साबुदाणा. उद्याच्या उपासाचा.”

“फार हलका आहे. अजून काय आहे घरात?”

मग हरभरे आणले. ते सरांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावले. मग म्हणाले, “थोडे कमी करा. एक मूठ काढा.” मी मूठ काढली. “आता हलवा. हळू. अजून हळू. आता वाढवा.” मग फोनवर नुसता श्वास. “हीच,” ते म्हणाले.

सोमवारी मी अकराला ऑफिसात पोचले. कपाळाला भस्म, तोंड बंद. कौस्तुभ, तुषार आणि टिपणीस सर बसलेले होते. तुषारने काय केलं ते सांगितलं, पडदा हलवून दाखवला. कौस्तुभने ऐकून घेतलं.

“तुषार, तुला जमणारच. सरांनी तर स्वतः जुळवलंय. प्रश्न नव्या माणसाचा आहे. ज्याने कधी हात लावलेला नाही, त्याला कोणी न सांगता कळेल का?”

तेवढ्यात दार ढकलून मालनताई आल्या. त्या सिडकोतून स्कूटीवर आमचे जेवणाचे डबे आणायच्या. हेल्मेट काखेत, दोन्ही हातांत पिशव्या.

कौस्तुभ त्यांच्याकडे बघत राहिला. “मालनताई, दहा मिनिटं आहेत?”

“का हो? भाजी खारट झाली का काल?”

“नाही, नाही. इथे बसा. विमान उडवायचंय.”

“मी? माझ्या बापाने कधी उडवलं नाही.” पण पिशव्या खाली ठेवून त्या बसल्या. पदर खोचला.

कौस्तुभने दोनच गोष्टी सांगितल्या. दांडा ओढला की वर आणि झुकवला की वळतं, आणि समोरचं लाल विमान पकडायचं. आधी त्याने शुक्रवारचा जुना ससाणा लावला. मालनताईंनी लाल विमानामागे जोरात ओढलं आणि गरगरत खाली आल्या. पुन्हा लावला, पुन्हा खाली.

“हे काय, सांगत नाही काही नाही आणि धाडकन पाडतंय. असा कुठं खेळ असतो?”

मग नवा लावला.

मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. लाल विमान वळलं, मालनताईंनी ओढलं. हरभरे खडखडले, पडदा थरथरला. त्या दचकल्या आणि दोन्ही हातांनी अजून जोरात ओढलं. खाली.

कौस्तुभने घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

“ताई, तुम्हीच सांगा ना,” मालनताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. “तुम्हीच केलंय म्हणतात ना हे. काय करू मी?”

दोन शब्द होते. ‘सैल सोडा.’ जिभेवर आले होते. तीन वर्षांचं काम, सरांचं नाव, सगळं त्या दोन शब्दांवर होतं. आणि बोलले असते तर नेम मोडला असताच, पण तो ससाणाही खोटा ठरला असता. मी मान खाली घातली. डोळ्यांतून काही कळू नये म्हणून फरशीकडे बघत राहिले. मनातल्या मनात पंचाक्षरी मंत्र सुरू केला.

“त्यांचं मौन असतं आज,” तुषार म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

“बरं. लावा परत.”

मी बघितलं नाही, नुसतं ऐकलं. इंजिनाचा सूर चढला. मग हरभरे वाजले, हळू, मग जोरात. माझा मंत्र अर्ध्यावर थांबला. आणि हरभरे मंदावले. पुन्हा वाढले, पुन्हा मंदावले. पुन्हा. आदळल्याचा आवाज काही आला नाही. मी मान वर केली. लाल विमान वळत होतं आणि मालनताई त्याच्या मागे वळत होत्या, गोल, गोल, ओठ घट्ट मिटून. पडदा थरथरला की त्यांची बोटं किंचित सुटायची, थांबला की पुन्हा आवळायची. चार फेऱ्या झाल्या. पाचवी झाली. लाल विमान त्यांना सापडलं नाही, पण त्या पडल्याही नाहीत.

“थांबा, मालनताई,” कौस्तुभ म्हणाला. “हात सैल का सोडत होतात? मी तर सांगितलं नव्हतं.”

“सांगायला कशाला पाहिजे? गाडी थरथरायला लागली की. माझी स्कूटी चढावर असंच करते. तेव्हा मूठ अजून पिळली तर बंद पडते, जरा ढिलं सोडलं तर चढते.” त्यांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. “बरोबर केलं ना मी?”

कोणी उत्तर द्यायच्या आत टिपणीस सर उठले. “बरोबर केलंत. आता उठा ताई, माझी पाळी.”

त्यांनी खिशातून औषधाच्या दुकानाची पावती काढली, तिची घडी घातली आणि पडद्यावर वेगाचा काटा होता तिथे चिकटपट्टीने लावून टाकली. “तुषार, शेजारच्या खोलीत जा. तुझं विमान घे आणि माझ्यामागे लाग. म्हाताऱ्याची दया करू नकोस.”

सहा मिनिटं चाललं ते. तुषार दोनदा सरांच्या मागे आला. दोन्ही वेळा सरांनी ससाणा त्या कडेवर नेला, जिथे हरभरे अगदी शेवटचे वाजतात, आणि तिथेच धरून ठेवला. पाठ ताठ, मान जुन्या सवयीने डाव्या खांद्यावरून मागे, काट्याची गरज कुठेच नाही. तिसऱ्या वळणाला तुषारचं विमान समोर आलं आणि भिंतीपलीकडून आवाज आला, “गेलो.”

सरांनी हात काढला. रुमाल शोधला नाही.

“आता मी आत आहे,” ते म्हणाले. कौस्तुभला नाही, मला.

कौस्तुभ संगणकाशी गेला, सोमवारच्या आवृत्तीतून लगाम काढला आणि थरथर घातली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पूर्वी फळ्यावरचं उत्तर बरोबर आलं की उभा राहायचा तसाच.

“साडेबारा वाजून गेले, मॅडम. बोला आता.”

सगळे माझ्याकडे बघत होते. तुषार दारात, मालनताई हेल्मेट घेऊन.

“सर,” मी म्हणाले, “नाव ठेवू ना?”

“ठेवा. पण आधी तुमचं. आणि त्या खडखडाटाच्या खाली हरभऱ्यांचंही लिहा कुठेतरी.”

याला आता अकरा वर्षं झाली. सर गेले त्यालाही चार झाली. वही त्यांच्या मुलीने मलाच दिली. एक्केचाळिसाव्या पानावरची माझी पेन्सिल मी खोडलेली नाही. लगाम शेवटपर्यंत घातला गेला नाही. नवे अजूनही पडतात, पण दुसऱ्या दिवशी येतात.

त्या सोमवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे शंकराला अभिषेक केला, नऊशे वाती वळल्या, उपास सोडायच्या आधी पळीभर पाणी तळहातावर घेतलं. दिवसभरात जे काही हातून घडलं, ते त्या पाण्याबरोबर देवाच्या स्वाधीन करायचं, आपलं म्हणून काही ठेवायचं नाही. आईने शिकवल्यापासून एकही दिवस चुकवलेला नाही. पूजा म्हटली, उपास म्हटला, वाती म्हटल्या, मौन म्हटलं. मग ससाण्यापाशी आले आणि थांबले. बोटांच्या फटीतून पाणी गळायला लागलं होतं.

बाकी सगळ्याचं उदक सोडलं. ससाण्याचं नाही सोडलं; तेवढं आपलं म्हणून ठेवलं. देवाला तसं सांगितलं आणि जेवायला बसले.